भूसुरुंगांच्या जुन्या पेटंटांचा माग: पहिल्यांदाच शोधायला बसणाऱ्यांसाठी

‘मेटल डिटेक्टरचं पहिलं पेटंट १९३७ साली गेरहार्ड फिशर यांना मिळालं.’ हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचलं होतं की ते तपासावं असं कधी मनातच आलं नाही. भूसुरुंग आणि ते शोधणारी यंत्रं यांच्यावर एक व्याख्यान द्यायचं होतं, त्याच्या टिपणात मी ते जसंच्या तसं उतरवलं. काही आठवड्यांनी दुसऱ्याच कामासाठी जुनी अमेरिकन पेटंटं चाळत होतो आणि ३१ जुलै १९२८ ही तारीख असलेला एक कागद समोर आला. शर्ल हेर नावाच्या, इंडियाना राज्यातल्या माणसाचा. दडलेला धातू शोधणारं, हातात धरून चालवायचं यंत्र! फिशरच्या आधी जवळजवळ साडेआठ वर्षं.

व्याख्यान होऊन गेलं होतं. पुढच्या वेळी मी चूक दुरुस्त करून सांगितली, पण त्या दिवसापासून एक सवय लागली ती कायमची: साल कुठल्याही लेखातून उचलायचं नाही, कागद स्वतः उघडायचा. आणि कागद उघडला तरी त्याला एवढंच विचारायचं, की कोणी, कोणत्या दिवशी, कशावर हक्क सांगितला? ‘पहिला शोध कोणाचा’ या प्रश्नाचं उत्तर पेटंट देत नाही. देतं असं वाटतं, आणि तिथेच नवखा माणूस फसतो.

लष्करी इतिहासाची आवड आहे, इंग्रजी बऱ्यापैकी वाचता येतं आणि हाताशी इंटरनेट आहे, अशा वाचकासाठी हा लेख आहे. भूसुरुंग कसा बनतो हे इथे नाही; आपल्याला हवी आहेत नावं, तारखा, क्रमांक आणि मालक. आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. हे काम कागदावरचं आहे. आजोबांच्या ट्रंकेत, भंगारात किंवा ट्रेकला एखादी जुनी लष्करी वस्तू दिसली आणि ती काय आहे याची शंका आली, तर क्रमांक वाचायला म्हणूनही हात लावू नका. लांब व्हा, इतरांना लांब ठेवा, ११२ ला फोन करा. पन्नास-साठ वर्षं पडून राहिलेली वस्तू निकामी झालेली असते हा समज चुकीचा आहे.

आधी शब्द ओळखा

शोधाची सुरुवात क्रमांकाने होत नाही, शब्दाने होते. आणि या विषयात शब्दच सगळ्यात जास्त दगा देतात.

आपल्याच ‘सुरुंग’ शब्दाकडे बघा. विहिरीच्या खडकात भरतात तो सुरुंग, किल्ल्याच्या तटाखाली खणत नेतात तो सुरुंग, आणि जमिनीत पुरून ठेवतात तो भूसुरुंग. संस्कृतातला ‘सुरुङ्गा’ मूळच्या ग्रीक शब्दावरून आला असं भाषाभ्यासक मानतात. म्हणजे शब्दही वेढ्याच्या लढाईबरोबर फिरत आला. इंग्रजीतल्या ‘माइन’चीही तीच गत. खाण आणि सुरुंग दोन्हींना एकच शब्द. नुसतं ‘माइन’ टाकून शोधलंत तर कोळशाच्या खाणीतल्या दिव्यांची, पंपांची आणि टेकूंची शेकडो पेटंटं अंगावर येतील.

त्याहून मोठी अडचण ‘टॉर्पेडो’ या शब्दाची. आज टॉर्पेडो म्हटलं की पाण्यातून धावणारं अस्त्र डोळ्यापुढे येतं. एकोणिसाव्या शतकात मात्र पाण्यात तरंगत ठेवलेला किंवा जमिनीत पुरलेला स्फोटक डबा, दोन्हीला टॉर्पेडोच म्हणत. अमेरिकन यादवी युद्धात १८६२ साली दक्षिणेच्या गेब्रियल रेन्स या सेनाधिकाऱ्याने यॉर्कटाउनजवळ जमिनीत जे पेरलं त्याला त्या काळचे कागद ‘टॉर्पेडो’ किंवा ‘भूमीखालचा गोळा’ म्हणतात. त्यामुळे १९०० च्या आधीचा शोध घेताना ‘लँड टॉर्पेडो’ हा शब्दप्रयोग हमखास वापरून बघा. जर्मन कागदांत ‘ट्रेटमीन’, म्हणजे पाय पडल्यावर उडणारा, आणि ‘लँडमीन’ हे दोन शब्द ठेवा.

तिसरी गोष्ट प्रसिद्ध नावांची. सैनिकांच्या तोंडी बसलेलं नाव पेटंटच्या शीर्षकात असेलच असं नाही. अमेरिकेचा ‘क्लेमोर’ हा सुरुंग जगभर ओळखला जातो. नॉर्मन मॅक्लाउड यांनी हे नाव स्कॉटिश तलवारीवरून दिलं. पण त्यांच्या पेटंटाच्या शीर्षकात तलवारीचं नाव नाही; तिथे सरळ, कोरडं वर्णन आहे: माणसांविरुद्ध वापरायचं, तुकडे फेकणारं शस्त्र. ‘क्लेमोर’ टाकून मूळ कागद शोधणारे म्हणूनच वाट चुकतात.

वस्तूवरच्या खुणा: कोणती पेटंटची, कोणती नाही

संग्रहालयातल्या काचेआडची वस्तू किंवा एखाद्या जुन्या माहितीपुस्तिकेतलं छायाचित्र तुमच्यापुढे आहे असं धरू. त्यावर अक्षरं आणि आकडे दिसतात. त्यातले बहुतेक पेटंटचे नसतात, हे आधी मनात पक्कं करा. मॉडेलचं नाव, उत्पादनाचं साल, खेपेचा क्रमांक, कारखान्याचा संकेत, ब्रिटिश सरकारी मालावरचा बाणाचा ठसा, यातलं काहीही तुम्हाला पेटंट कार्यालयाकडे नेणार नाही. जर्मन मालावर तीन अक्षरी कारखाना-संकेत सर्रास असतो. त्याला पेटंटचा क्रमांक समजून लोक दिवसचे दिवस घालवतात.

पेटंटच्या खुणा वेगळ्या असतात. जर्मन वस्तूवर ‘डी. आर. पी.’ असेल तर ते जर्मन साम्राज्याचं पूर्ण पेटंट. ‘डी. आर. जी. एम.’ असेल तर तो छोटा हक्क, उपयुक्त नमुन्याची नोंदणी. त्याचा क्रमांक पेटंटांच्या यादीत शोधायचा नसतो. फ्रेंच वस्तूवर ‘एस. जी. डी. जी.’ दिसलं तर त्याचा अर्थ ‘सरकारच्या हमीशिवाय’. पेटंट दिलंय, पण ही वस्तू चालेल की नाही याची जबाबदारी सरकार घेत नाही, एवढं सरळ त्या चार अक्षरांत लिहिलेलं आहे. ब्रिटिश वस्तूवर ‘रजिस्टर्ड’ असा क्रमांक असला तर तो आकाराच्या नोंदणीचा असतो, पेटंटचा नव्हे.

प्रत्यक्ष सुरुंगावर पेटंट क्रमांक क्वचितच सापडतो. लष्करासाठी सरकारी कारखान्यात बनलेल्या मालावर तो घालण्याचं कारण नसे. जोडीच्या वस्तूंवर मात्र मिळतो: शोधयंत्राची पेटी, हेडफोन, बॅटरीचा डबा. माझा अनुभव असा की सुरुंगाच्या इतिहासाचं दार बरेचदा या बाजूच्या वस्तूंमधून उघडतं.

कागद कुठे मिळतात

तीन ठिकाणं पुरेशी आहेत, तिन्ही फुकट. गूगल पेटंट्स सगळ्यात सोपं. युरोपीय पेटंट कार्यालयाचं एस्पेसनेट, १९९८ पासून चालू असलेलं, देशोदेशींच्या कागदांसाठी सगळ्यात भरवशाचं. आणि जर्मन कागदांसाठी जर्मन पेटंट कार्यालयाचं डेपाटिसनेट.

शब्दाने शोधताना एक लक्षात ठेवा: जुन्या कागदांचा मजकूर यंत्राने वाचून भरलेला आहे. शाई फिकट असली की यंत्र इंग्रजी ‘एम’ला ‘आर’ आणि ‘एन’ अशी दोन अक्षरं समजतं, आणि तुमचा ‘माइन’ शब्द त्या कागदात आहे हे यादीला कळतच नाही. शब्दाने काही सापडलं नाही म्हणजे कागद नाही, असा निष्कर्ष कधीही काढू नका.

म्हणून खरी वाट वर्गीकरणाची. आज जगभरच्या पेटंट कार्यालयांत प्रत्येक कागदाला विषयाचा एक संकेत दिलेला असतो, आणि जुने कागदही मागाहून त्याच संकेतांत बसवलेले आहेत. भूसुरुंगांचा संकेत आहे एफ ४२ बी २३. समुद्री सुरुंग त्याच्या शेजारी, एफ ४२ बी २२ मध्ये. सुरुंग काढण्याची आणि हुडकण्याची साधनं मात्र वेगळ्या घरात, एफ ४१ एच ११ मध्ये. आणि जमिनीतला धातू विजेच्या किंवा चुंबकाच्या साहाय्याने शोधण्याची यंत्रं तिसऱ्याच घरात, जी ०१ व्ही ३ मध्ये. हे संकेत रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाका, सोबत सालाची मर्यादा घाला, मग एकेक कागद उलगडत जा.

पहिल्या बैठकीला फक्त शोधयंत्रांच्या दोन घरांतलेच कागद चाळा असं मी सुचवेन. ते वाचायला सोपे असतात, आकृत्या स्वच्छ असतात, आणि त्यांच्याशी ज्या माणसांचं नातं आहे त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. आमच्या पुण्यात खडकीला बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे सैन्याच्या अभियंत्यांच्या दलाचं, केंद्र आहे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या वाटेवर गोळीबार चालू असताना सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून देणारे, परमवीर चक्र मिळालेले, कारवारकडचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे याच सॅपर्सचे. सुरुंग पेरणाऱ्याच्या कागदाइतकाच तो काढणाऱ्याचा कागदही या इतिहासाचा भाग आहे, आणि दुसरा भाग फार कमी लोक वाचतात.

पहिलं पान वाचायला शिका

आता एक कागद प्रत्यक्ष समोर घेऊ. गूगल पेटंट्समध्ये अमेरिकेची दोन अक्षरं आणि पुढे २०६६५६१ हा क्रमांक इंग्रजी आकड्यांत टाका. हाच फिशर यांचा कागद, ‘मेटलोस्कोप’. छापील पानाचं चित्र उघडा. शेजारचा टंकलेला मजकूर सध्या बाजूला ठेवा.

आकृतीच्या पानाच्या माथ्यावर डावीकडे तारीख आहे: ५ जानेवारी १९३७. मधे जी. आर. फिशर हे नाव. उजवीकडे क्रमांक. त्याखाली शीर्षक, आणि त्याखाली बारीक अक्षरांत दुसरी तारीख: अर्ज दाखल केला तो दिवस, १९३३ सालातला. त्या काळच्या सगळ्या अमेरिकन पेटंटांचा माथा असाच मांडलेला असतो. मोठी तारीख मंजुरीची, बारीक तारीख अर्जाची. दोन्हींमध्ये इथे जवळजवळ चार वर्षं गेली आहेत. ‘शोध कधीचा’ हे सांगायचं असेल तर बारीक तारीख जास्त महत्त्वाची, आणि नेमकी तीच लेखांमध्ये गाळलेली असते.

तारीख खरी आहे का हे पडताळायची एक युक्ती मला फार उपयोगी पडली आहे. अमेरिकेत पेटंट मंगळवारीच मंजूर होऊन प्रसिद्ध होतात, आणि ही प्रथा दीडशेहून अधिक वर्षांची आहे. ५ जानेवारी १९३७: मंगळवार. शर्ल हेर यांची ३१ जुलै १९२८: मंगळवार. कुठे अमेरिकन पेटंटच्या मंजुरीची तारीख म्हणून रविवार किंवा गुरुवार दिलेला दिसला, तर ती तारीख अर्जाची तरी आहे किंवा चुकीची तरी. वार काढायला मोबाइलवरचं कॅलेंडर पुरतं.

इतर देशांत माथा वेगळा बोलतो. जर्मन कागदावर ‘जर्मन राष्ट्रात अमुक तारखेपासून पेटंट’ अशी एक ओळ असते आणि ‘प्रसिद्ध केलं’ अशी दुसरी. पहिली तारीख अर्जाच्या दुसऱ्या दिवसाची असते. फ्रेंच कागदावर तीन तारखा: मागणी, मंजुरी, प्रसिद्धी. ब्रिटिश पेटंटाला अर्जाच्या दिवसाचीच तारीख धरतात. म्हणजे ब्रिटिश ‘१९३५’ आणि अमेरिकन ‘१९३७’ शेजारी ठेवून ब्रिटिश माणूस दोन वर्षं पुढे होता असं म्हणता येत नाही. एकाची तारीख दाराशी आल्याची, दुसऱ्याची दारातून बाहेर पडल्याची. तुलना करायची तर अर्जाशी अर्ज.

ब्रिटिश कागदांची आणखी एक खोच आहे. १९१६ पूर्वी तिथे क्रमांक दर वर्षी एकपासून सुरू व्हायचे. नुसता ‘ब्रिटिश पेटंट १२०००’ म्हणजे काहीच नाही; १९०५ चं की १९१० चं? १९१६ पासून क्रमांक १००००१ पासून सलग चालू झाले. जुन्या पुस्तकात साल नसलेला पाच आकडी ब्रिटिश क्रमांक दिसला तर आधी साल शोधा. एस्पेसनेटमध्येही तो सालासकटच टाकावा लागतो.

माथ्यानंतर थेट शेवटाकडे जा. कागदाच्या शेवटी क्रमांक घातलेले दावे असतात. वर्णनात माणूस काहीही लिहू शकतो, जुन्या यंत्रांचं कौतुक, नव्याची स्वप्नं. हक्क फक्त दाव्यांपुरता. ‘अमक्याने मेटल डिटेक्टरचं पेटंट घेतलं’ हे वाक्य बहुतेक वेळा ढिलं असतं. दावा असतो विशिष्ट जुळणीवर. तत्त्व तर त्याच्याही आधीचं: जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा त्यांच्या शरीरातली ती गोळी हुडकायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल असंच विजेचं यंत्र घेऊन गेले होते. गोळी सापडली नाही. पण धातू जवळ आला की कानात आवाज बदलतो, ही कल्पना तेव्हाच माणसांच्या हातात होती.

मागचा कागद कसा गाठायचा

फिशरपासून हेरपर्यंत मी योगायोगाने पोचलो, पण पद्धतीने गेलं असतं तरी पोचता आलं असतं. कसं ते सविस्तर सांगतो, कारण या कामाचा गाभा इथे आहे.

आजच्या पेटंटाच्या अंगावर ‘याआधीचे हे हे कागद तपासले’ अशी यादी छापलेली असते. फिशरच्या कागदावर ती नाही. चूक तुमची नाही. अमेरिकन पेटंटांवर ही यादी छापायला सुरुवातच १९४७ च्या फेब्रुवारीत झाली. त्याआधीच्या कागदावरून थेट मागे जाता येत नाही.

मग पुढे जाऊन मागे यायचं. गूगल पेटंट्समध्ये फिशरच्या पानावर खाली ‘याचा उल्लेख करणारे’ नंतरचे कागद दिसतात. त्यातले १९४७ नंतरचे, धातूशोधक यंत्रांवरचे, चार-पाच उघडा. प्रत्येकाच्या शेवटी तपासलेल्या जुन्या कागदांची यादी असेल. अर्ज तपासणाऱ्या पेटंट कार्यालयातल्या परीक्षकाने एका बैठकीत टेबलावर जे जे मांडलं होतं ते सगळं तिथे आहे. या याद्या एका वहीत एकाखाली एक लिहा. जो क्रमांक दोन-तीन याद्यांत पुन्हा पुन्हा येतो, तो त्या विषयातला मुळाकडचा कागद असण्याची शक्यता दांडगी. सगळ्यात लहान क्रमांकापासून उघडत जा.

दुसरी वाट वर्गीकरणाची. जी ०१ व्ही ३ या घरात १९३३ च्या आधीचे अमेरिकन कागद मागवा आणि आकृत्या बघत चला. आकृती बघणं मजकूर वाचण्यापेक्षा वेगवान पडतं. हातात दांडा धरलेला माणूस, टोकाला वेटोळं, कानाला हेडफोन, असं चित्र ओळखायला तीन सेकंद लागतात.

हेर यांचा अर्ज फेब्रुवारी १९२४ चा, मंजुरी १९२८ ची, क्रमांक १६७९३३९. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, इटलीतल्या नेमी सरोवरातल्या रोमन सम्राट कॅलिगुलाच्या नौकांच्या अवशेषांसाठी त्यांची मदत घेतली गेली. मग फिशरचं काय? फिशरचं श्रेय यामुळे कमी होत नाही. विमानांच्या रेडिओ-दिशादर्शकावर काम करताना धातूजवळ यंत्राची दिशा चुकते हे त्यांनी हेरलं, त्यातून बाजारात चालणारं यंत्र उभं केलं, कंपनी उभी केली. ‘पहिलं पेटंट’ हे शब्द तेवढे काढून टाकायचे. उरलेलं सगळं खरं आहे.

याहीपेक्षा खोल जायचं असेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, पेटंट कार्यालयाच्या दप्तरांमध्ये, जुन्या अर्जांच्या मूळ फायली आहेत. परीक्षकाने काय आक्षेप घेतले, अर्जदाराने कोणता दावा सोडून दिला, सगळं त्यात असतं. घरबसल्या ते मिळत नाही. पण तिकडे शिकायला असलेला एखादा भाचा-पुतण्या असेल तर त्याला सांगून ठेवा.

नावं बदलतात, मालक बदलतात

माणसाच्या नावाने शोधताना एकाच स्पेलिंगवर विसंबू नका. जर्मनीतले फिशर अमेरिकेत गेले तेव्हा नावातलं एक अक्षर गळलं. हॉलिवूडची नटी हेडी लामार हिने जॉर्ज अँथाइल या संगीतकाराबरोबर टॉर्पेडोला गुप्तपणे दिशा देण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, ११ ऑगस्ट १९४२ ला, पण ‘लामार’ नाव त्यावर कुठेच नाही. कागदावर आहे हेडी किसलर मार्की, लग्नानंतरचं कायदेशीर नाव.

मालकाची ओळही वाचा. ‘सेनासचिवांमार्फत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना हक्क दिला’ असं असेल तर संशोधक सरकारी नोकर किंवा सरकारी करारातला. कागदाच्या सुरुवातीलाच ‘हा शोध सरकार कोणतंही मानधन न देता वापरू शकेल’ असं वाक्य असेल तरी तेच. युद्धकाळातल्या जर्मन माणसाच्या अमेरिकन पेटंटावर ‘शत्रूमालमत्ता-रक्षकाकडे जमा’ अशा अर्थाची ओळ दिसते. ती दिसली की त्याच शोधाचा जर्मन कागद आधीचा असणार हे समजा आणि डेपाटिसनेटकडे वळा. तिथे शोधताना हे ध्यानात असू द्या की युद्धाच्या शेवटी जर्मन कार्यालयाचं काम थांबलं आणि म्युनिचमध्ये ते नव्याने सुरू झालं ते १ ऑक्टोबर १९४९ ला. मधली वर्षं रिकामी दिसतात ती त्यामुळे.

कागद दिसत नाही तेव्हा

शस्त्रांच्या बाबतीत न दिसणाऱ्या कागदाला कारण असतं. ब्रिटनने युद्धसाहित्यावरची पेटंटं गुप्त ठेवायचा कायदा १८५९ मध्येच केला. अमेरिकेत १९५१ चा शोध-गुप्तता कायदा आहे, त्याआधी दोन्ही महायुद्धांत तसेच तात्पुरते कायदे होते. अर्ज येतो, तपासला जातो, आणि कपाटात बंद होतो. किती काळ? सुरुंगाबाहेरचं उदाहरण देतो, पण विसरता येणार नाही असं आहे: सांकेतिक लिपीतज्ज्ञ विल्यम फ्रीडमन यांनी १९३३ मध्ये केलेला एक अर्ज मंजूर होऊन प्रसिद्ध झाला १ ऑगस्ट २००० ला. सदुसष्ट वर्षं. फ्रीडमन १९६९ मध्येच वारले होते. म्हणून मंजुरीच्या सालावर मर्यादा घालून शोधू नका. अर्जाच्या सालावर घाला, आणि पुढची दारं उघडी ठेवा.

सोव्हिएत संघाचं वेगळंच. तिथे बहुतेक शोधांना पेटंटऐवजी ‘लेखक-प्रमाणपत्र’ मिळायचं: नाव संशोधकाचं, मालकी सरकारची. सोव्हिएत सुरुंगांचा माग पेटंटातून काढायला बसू नका, वेळ जाईल. लष्करी माहितीपुस्तिका तिथे जास्त बोलतात.

भारतातले कागद शोधणाऱ्यांसाठी थोडक्यात. आपल्याकडे पेटंटचा पहिला कायदा १८५६ चा, आणि पहिला अर्ज ३ मार्च १८५६ चा, कलकत्त्याच्या जॉर्ज अल्फ्रेड डीपेनिंग यांचा, पंखा ओढण्याच्या यंत्राचा. सध्याच्या १९७० च्या कायद्याचं ३५ वं कलम संरक्षणाशी संबंधित अर्ज गुप्त ठेवण्याची मुभा देतं. महाराष्ट्रातल्या वाचकाला जवळचं ठिकाण म्हणजे नागपूरची बौद्धिक संपदा संस्था. पेटंट-माहितीचं केंद्र तिथे १९८० पासून आहे.

क्लेमोर: कागद आहे, तरी वाद आहे

मॅक्लाउड यांचा कागद आता शोधून बघा, क्रमांक २९७२९४९. अर्ज १८ जानेवारी १९५६, मंजुरी फेब्रुवारी १९६१. सुरुवातीला सांगितलेलं शीर्षक तुम्हाला तिथे दिसेल. तारखा स्वच्छ आहेत, क्रमांक आहे, नाव आहे. तरी पुढे मॅक्लाउड, अमेरिकन लष्कर आणि या शस्त्राचा पुढचा विकास करणारी एरोजेट कंपनी यांच्यात कोर्टात भांडण झालंच. कारण स्फोटाचा जोर एका बाजूला वळवण्याचं ज्ञान दुसऱ्या महायुद्धातच हंगेरियन मिझ्नाय आणि जर्मन शार्डिन यांच्या कामातून पुढे आलेलं होतं. त्या परिणामाला आजही त्या दोघांचंच नाव आहे.

अशा वेळी तुमच्या टिपणात तीन वेगळे रकाने ठेवा: तत्त्व कोणाचं, पेटंट कोणाचं, लष्कराने स्वीकारलेला नमुना कोणाचा. तीन नावं एकच निघतील असं गृहीत धरू नका. हे तीन रकाने ठेवले की इंटरनेटवरचे निम्मे वाद तिथेच मिटतात, कारण भांडणारे बहुतेक वेगवेगळ्या रकान्यांबद्दल बोलत असतात.

नोंद कशी ठेवायची

प्रत्येक कागदासाठी एक ओळ: देश, क्रमांक, शीर्षक मूळ भाषेत, अर्जाची तारीख, मंजुरीची तारीख, संशोधक, मालक, आणि मी हे कधी पाहिलं. मूळ पानाची प्रत उतरवून ठेवा. नुसता दुवा पुरत नाही. जे दुसऱ्याच्या लेखातून घेतलंय आणि कागदावर पडताळलेलं नाही, त्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. मी अजूनही पेन्सिलच वापरतो, कारण ते चिन्ह एक दिवस खोडायचं असतं.

आणि एक रकाना रिकामा ठेवायची तयारी असू द्या. सुरुंगशोधक यंत्रांच्या माझ्या यादीत सर्वात जास्त माणसं वाचवणाऱ्या यंत्रांपैकी एकाची ओळ अशी आहे. संशोधक: लेफ्टनंट योझेफ कोसात्स्की, पोलिश सैन्य, मुक्काम स्कॉटलंड. काळ: १९४१ चा हिवाळा. वजन: तीस पौंडांच्या आत, एका माणसाने उचलण्याजोगं. पहिला मोठा वापर: इजिप्तमधली एल अलामीनची लढाई, १९४२, सुमारे पाचशे यंत्रं, वाळवंटातले सुरुंग काढण्याचा वेग दुप्पट, तासाला शंभर चौरस मीटरवरून दोनशेवर. मोबदला: घेतला नाही, यंत्र ब्रिटिश सैन्याला भेट दिलं, राजे सहावे जॉर्ज यांचं आभाराचं पत्र. पेटंट क्रमांक: नाही.